मार्कंड्याच्या रेतीवरची दावण

आधी माफी मागून ठेवते. माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकतात आणि अक्षर ओळीवर बसत नाही, ओळीखाली लोंबत राहते. चौथीनंतर मला शाळेतून काढले, कारण बाईला लागणारे सगळे ज्ञान चार इयत्तांत पूर्ण होते असे घरातल्या मोठ्यांचे मत होते. ते स्वतः दुसरीपर्यंत गेले होते, तेव्हा त्यांना ठाऊक असणारच. हे लिहिलेले कोणाला दाखवायचे नाही. मग माफी कोणाकडे मागते आहे, तेही मला नीट सांगता येत नाही. चारचौघांत बोलायला माझी जीभ अजून रेटत नाही. कागदासमोर पदर सावरावा लागत नाही, एवढेच.

परवा टीव्हीवर एक मुलगी सांगत होती की जोडून सुट्ट्या आल्या आहेत, समुद्रावर गर्दी होईल, खोल पाण्यात जाऊ नका, लहानांचा हात सोडू नका. मी हसले. सून म्हणाली, "आई, काय झालं?" मी म्हटले, "काही नाही." आमच्या भागात समुद्र नाही. जंगल आहे, धानाच्या बांध्या आहेत आणि वैनगंगा आहे. पण गर्दीच्या सणाला पाण्याच्या काठी सुरक्षित कसे राहावे याचे शिक्षण मला लग्नानंतर लगेच मिळाले आहे, आणि तेही प्रत्यक्ष समुद्र पाहून आलेल्या माणसाकडून.

तो माणूस म्हणजे माझे मामेसासरे, सासूबाईंचे थोरले भाऊ. आमचा चांदा जिल्हा तेव्हा नुकताच मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. गावात त्याने काही फरक पडला नव्हता, फक्त मामेसासऱ्यांना पडला होता. कोणाच्या तरी सोबतीने ते मुंबईला जाऊन आले आणि आल्यापासून "आपुन आता मुंबईवाले" असे म्हणू लागले. चौपाटी पाहिली म्हणे. पाण्यात गेले होते का असे नणंदेने विचारले, तेव्हा ते म्हणाले, "पान्यात कायले जाऊ? वाहना भिजल्या असत्या." वहाणा हातात धरून, लांबून, त्यांनी समुद्र समजून घेतला होता. त्यानंतर पाण्याविषयी घरात दुसऱ्या कोणी बोलण्याची गरज उरली नाही.

महाशिवरात्रीला आम्ही मार्कंड्याला जायचो. मूल गावाजवळच्या आमच्या खेड्यातून बैलबंडी नदीपर्यंत यायला दिवस मोडायचा. देऊळ पलीकडच्या काठावर. माघ-फाल्गुनात नदी आटते, मग अलीकडे रेतीचे मोठे मैदान पडते. त्या रेतीत बंड्या सोडायच्या, तिथेच चूल मांडायची, पहाटे आंघोळ करायची आणि उथळ पाण्यातून चालत देवाकडे जायचे. सगळ्या तालुक्यांतून माणसे येत. त्या दिवशी रेती दिसतच नसे, नुसती डोकी दिसत.

त्या साली सासरे आणि आमचे मालक घरी राखणीला राहिले. बायकांना सांभाळून नेण्याचे काम अर्थात मामेसासऱ्यांकडे आले. बंडीत सासूबाई, थोरली जाऊ, मी आणि चौदा-पंधरा वर्षांची नणंद. वाटभर त्यांनी आम्हांला समुद्राचे धोके सांगितले. लाट आली की तिच्याकडे पाठ करायची नाही. भरतीची वेळ ध्यानात ठेवायची. पोटभर जेवून पाण्यात उतरायचे नाही. शेवटच्या गोष्टीची त्यांना फार काळजी होती, कारण आमचा तर उपास होता.

नणंद म्हणाली, "मामा, वैनगंगेले कुठी भरती येते?"

"तुले काय मालूम? पानी सारं एकच असते."

रेतीत आमच्या बंडीशेजारी एका बांगडीवालीने माल मांडला होता. मूलच्या बाजारात बसणारी, सगळे तिला चाची म्हणत. नवरा वारलेला, लेकी लग्न होऊन गेलेल्या. चादरीवर बांगड्यांचे रंगारंगांचे मुठे रचून ती मध्ये बसली होती. सासूबाईंची आणि तिची जुनी ओळख. गप्पांत तिने सांगितले की या वेळी चांद्याच्या व्यापाऱ्याकडून तिने नेहमीपेक्षा दुप्पट माल उचलला आहे, सगळा उधारीवर. जत्रा उठली की त्याचे पैसे द्यायचे. नाही दिले तर तो पुढे माल देणार नाही, आणि माल नाही तर बाजारात बसायचे कशाच्या भरवशावर?

"यंदा गर्दी लई हाय, उठंल माल," सासूबाई म्हणाल्या.

"तुमच्या तोंडात साखर, बाई," चाची म्हणाली आणि नणंदेच्या हाताचे माप बघू लागली.

मामेसासऱ्यांना गप्पांत वेळ घालवायचा नव्हता. त्यांनी काठीने पाण्याच्या कडेला रेतीत एक रेघ मारली आणि सांगितले की हिच्यापुढे कोणी जायचे नाही. रेघ कोरड्या रेतीत होती. तिच्यापलीकडे न जाता आंघोळ करायची तर रेतीनेच करावी लागली असती. हे सासूबाईंनी दाखवून दिल्यावर त्यांनी पायाने रेघ पुसली. मग बंडीकडे गेले आणि दावण घेऊन आले.

आमच्याकडे धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, करतात तेव्हा खळ्याच्या मधोमध मेढ रोवतात, म्हणजे जाड खांब. बैल एका लांब दोराने ओळीत बांधून मेढीभोवती फिरवतात. त्या दोराला दावण म्हणतात. आमचा चुरणा नुकताच संपला होता आणि दावण बंडीतच पडून होती. तिला घामाचा आणि भुशाचा वास होता.

"मुंबईले पान्यात दोर टाकून ठेवतात," मामेसासरे म्हणाले. "मी सोताच्या डोळ्यानं पाह्यलो. चला, ओळीनं ऊभ्या रहा."

आणि त्यांनी आम्हां चौघींना बांधले. सासूबाई, मग जाऊ, मग मी, आणि पाण्याच्या बाजूला टोकाशी नणंद. प्रत्येकीच्या कमरेला एकेक वेढा आणि गाठ. गाठी मात्र पक्क्या मारल्या, त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. येणारे-जाणारे थांबून बघू लागले. मी पदर इतका ओढला की मला फक्त माझे पाय दिसत होते. सुरक्षितपणा म्हणजे काय ते मला तेव्हा कळले. आपण सुरक्षित असलो की आपल्याला सगळी जत्रा बघते.

"अन दुसरं टोक कोन धरते?" जावेने विचारले.

"मानूस धरंल तर हात सुटंल," मामेसासरे म्हणाले. "बैल सोडत नाई."

दुसरे टोक त्यांनी बैलाच्या गळ्यात बांधले.

आमच्या दोन बैलांतला हा म्हातारा, मेढीजवळचा. चुरण्यात मेढीला लागून जुना शहाणा बैल बांधतात, कारण त्याच्या चालीवर सगळी ओळ चालते. दावणीला ताण बसला की तो न हाकता फिरायला लागतो, आणि कोणी "हो" म्हणेपर्यंत फिरत राहतो. सगळे आयुष्य त्याने हेच केले होते. हे घरातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होते. मामेसासऱ्यांनाही ठाऊक होते, त्यांच्या खळ्यातही तो दोनदा नेला होता. पण त्या दिवशी ते मुंबईवाले होते.

बैल चाचीच्या चादरीपलीकडे बसून रवंथ करत होता. आम्ही पाण्यात उतरलो. गुडघाभर पाणी, खाली घट्ट रेती. सासूबाईंनी "हर हर" म्हणत पहिली बुडी मारली, तिच्यासोबत आम्हां तिघींनाही अर्धी मारावी लागली. नणंदेला हसू आवरेना. तिला आणखी थोडे पाणी हवे होते म्हणून ती एक पाऊल पुढे गेली. तिथे रेतीचा कडा होता. वरून कळत नाही, पण खालून पाण्याने कोरलेला असतो. तो तिच्या पायाखालून गेला आणि ती डोहात गेली.

दावणीला ताण बसला. बैल उठला.

पुढचे सांगायला वेळ लागतो, घडायला लागला नाही. बैलाने मान खाली घातली आणि चुरणा सुरू केला. मेढ आम्ही होतो. त्याच्या ओढीने आम्ही तिघी एकमेकींच्या अंगावर पडलो आणि कड्याच्या अंगाने आडव्या ओढल्या जाऊ लागलो. नणंद आमच्यामागे, पाण्याखाली. तिचा हात दिसायचा आणि जायचा. मी तिच्याकडे वळले की जाऊ मला उलटीकडे ओढायची, आणि जावेला सासूबाई. गाठी भिजून अशा आवळल्या होत्या की बोट शिरेना.

काठावर मामेसासरे दोन्ही हात वर करून ओरडत होते, "भरती आली! भरती आली!"

मग माझ्या बाजूने कोणीतरी धपधप पाण्यात शिरले. चाची होती. लुगड्यासकट छातीभर पाण्यात गेली, नणंदेची वेणी धरली आणि तिचे तोंड वर काढले. "सोडू नाई तुले, सोडू नाई," असे तिला सांगत होती. त्याच वेळी मला तिच्या पाठीमागे काठ दिसला. बैल निवांतपणे गोल फिरत होता आणि ताणलेली दावण रेतीवरून चालली होती, घोट्याएवढ्या उंचीवर. ती चाचीच्या चादरीच्या एका टोकाला लागली आणि दुसऱ्या टोकापर्यंत गेली. बांगड्यांचा आवाज झाला. तो मी लिहू शकत नाही.

मी ओरडले, "हो! हो रे! हो!"

बैल थांबला. मामेसासरेही थांबले. मला वाटते आजूबाजूची बरीच जत्रा थांबली असेल. लग्न होऊन आल्यापासून माझा आवाज घरातल्या पुरुषांनी ऐकला नव्हता, आणि आता तो पलीकडच्या देवळापर्यंत गेला. एका नारळवाल्याने कोयता आणून दावण तोडली. नणंद पाणी ओकली, रडली, मग थंडीने काकडू लागली. जिवंत होती.

एवढे झाल्यावर चाची काठावर आली आणि आपल्या चादरीसमोर उभी राहिली. अर्ध्याहून जास्त मालाचा चुरणा झाला होता, तोही अगदी एकसारखा. ती खाली बसली आणि साबूत बांगड्या वेगळ्या करू लागली. तिच्या हातातून रक्त यायला लागले तरी वेचत होती.

"भाऊ," ती म्हणाली, "माह्या मालाचं कसं?"

मामेसासरे दावणीचे तुकडे गोळा करत होते. त्यांना दावण तुटल्याचे फार वाईट वाटले होते. "तुले कोनं सांगतलं होतं दुकान सोडून जायले? अशा गर्दीत दुकान सोडते काय कोनी?"

"पोरगी बुडत होती ना."

"बुडत कुठी होती? बांधून होती ते!"

"बांधून होती," चाची हळूच म्हणाली. "हौ. बराबर हाय."

"अन बैलाचं म्हनशील, तर जनावराले काय समजते? काचेचा माल जमिनीवर मांडूच नाई. मुंबईले सारं मेजावर मांडतात."

सासूबाई नणंदेला गोधडीत घेऊन बसल्या होत्या. त्यांनी कनवटीचे दोन रुपये सोडले आणि चाचीच्या चादरीवर ठेवले. त्यांच्याजवळ तेवढेच होते. चाचीने मोजून सांगितले, वीस रुपयांचा माल गेला. तेव्हाचे वीस रुपये. मामेसासऱ्यांनी आकाशाकडे पाहिले, जसे काही पाऊस येतो का ते बघावे.

मी तिच्याजवळ बसून काचा वेचू लागले. मला जे म्हणायचे होते ते मी पदरात म्हटले. चाचीला ऐकू गेले नाही.

"काय म्हनली, बहू?"

मी पुन्हा म्हटले.

"मोठ्यानं बोल ना. आता तर बैलाले आइकू गेलं तुह्यं."

"बाकीचे मी देईन," मी म्हटले. "थोडे थोडे."

"तू कुठून देशील?"

मी पुढची काच वेचली.

घरी गेल्यावर मोठी चर्चा झाली. चर्चा बांगड्यांची नव्हती. सुनेने मामेसासऱ्यांदेखत, भरल्या जत्रेत आवाज काढला याची होती. सासऱ्यांनी दोन दिवस माझ्या हातचे पाणी घेतले नाही. तिसऱ्या दिवशी उन्हाळा वाढला तेव्हा घेतले. मामेसासऱ्यांचे मात्र नाव झाले. दावण होती म्हणून पोर वाचली, असे ते गावोगाव सांगत फिरले. सांगता सांगता डोह खोल होत गेला, आणि एका गावात तर त्यांनी स्वतःच उडी मारली होती असे कानावर आले.

चैत्रात मोह पडायला लागला. आमच्या घरात एक बरे होते, बाईने वेचलेल्या मोहाचे पैसे बाईचे. कोणी उदार होते म्हणून नाही. पहाटे उठून, अस्वलाच्या आधी झाडाखाली पोचून वाकून वाकून फुले वेचायला कोणा पुरुषाची तयारी नव्हती, म्हणून. मी आमच्या दोन झाडांखाली जायची, फुले वाळवायची आणि सासूबाईंसोबत मूलच्या बाजारात नेऊन विकायची. कधी आठ आणे यायचे, कधी बारा.

चाचीची जागा पहिल्यांदा रिकामी दिसली. पुढच्या बाजारीही रिकामी. मला भलतेच वाटू लागले. तिसऱ्या खेपेला ती दिसली, पण चादर नव्हती. डोक्यावरून टोपली उतरवून एका कडेला बसली होती. टोपलीत काळे दोरे, फण्या, सुया. व्यापाऱ्याने माल बंद केला होता. जुने पैसे पुरे आल्याशिवाय एक मुठाही मिळणार नव्हता. ती आता खेड्याखेड्यांत पायी फिरत होती.

मी पैसे पुढे केले. तिने मोजले आणि लुगड्याच्या गाठीत बांधले.

"काऊन देऊन राह्यली तू? घरचे तं काई बोलत नाई."

नणंद घरी फुले निवडत बसली होती, हेच मला सुचले.

सासूबाई माझ्याबरोबर असायच्याच. त्यांना काही ठाऊक नव्हते. चाचीच्या टोपलीजवळ आलो की दर वेळी त्यांना मीठ घ्यायचे आठवायचे. "तू इथीच ऊभी राय, मीठ आनून राह्यली मी," म्हणायच्या आणि जायच्या. आमच्या घरात त्या उन्हाळ्यात इतके मीठ झाले की लोणची घालूनही उरले.

मोह संपला, मग मोहाच्या बिया आल्या, मग रोवणीची मजुरी. त्याच उन्हाळ्यात सरकारने नवे पैसे काढले. आधी सोळा आण्यांचा रुपया होता, आता शंभर पैशांचा झाला. बाजारात दोन्ही नाणी चालायची आणि रोज भांडणे व्हायची. मामेसासरे म्हणाले, मुंबईला हे कधीचेच आहे. तसे काही नव्हते.

दिवाळीच्या सुमाराला चाचीने व्यापाऱ्याला बरेच पैसे पोचवले. तो थोडा विरघळला, थोडा माल देऊ लागला. बाकीचे शिवरात्रीला पुरे कर म्हणाला, नाही तर हा मालही उचलून नेईन. चाचीने हे मला सांगितले आणि लगेच म्हणाली, "तुले घाई नाई करून राह्यली मी." करतच होती. करायलाच हवी होती.

शिवरात्र आली. मामेसासरे आदल्या दिवशी हजर, नवीकोरी दावण घेऊन. या वेळी गावातल्या आणखी दोन घरांच्या बायकाही त्यांच्या भरवशावर येणार होत्या म्हणे. अंगणात त्यांनी दोर उलगडला.

सासूबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ, औंदा तू बांधून घे. आमी धरतो."

"मी?"

"हौ. टोकाले ऊभा राय. बैल हायच."

नणंद फिसकन हसली. जाऊ आत पळाली. मामेसासऱ्यांना त्याच संध्याकाळी सर्दी झाली आणि ते आपल्या गावी परतले. आम्हांला मालकांनी नेले. आंघोळीच्या वेळी सासूबाई वेळूची काठी घेऊन पुढे झाल्या, प्रत्येक पावलाआधी तळ टोचून पाहत. आम्ही एकमेकींचे हात धरले. हात सुटू शकतो, पण गरज पडली तर सोडताही येतो. आंघोळ गुडघाभर पाण्यात झाली. कोणी बघायला थांबले नाही.

चाची मागच्याच जागेवर होती. चादर अर्धीच भरलेली. शेजारी एक पागोटेवाला माणूस बसला होता, नुसता माल बघत होता. तो चांद्याच्या व्यापाऱ्याचा माणूस, हे तिने मला डोळ्यांनीच सांगितले.

माझ्या देण्यातला आता शेवटचा एक रुपया राहिला होता. तो मी सुट्या नाण्यांतच जमवला होता, सगळे नवे पैसे. बाजारात आण्याचे सहा पैसे धरायचे, म्हणून मी सोळा आण्यांचे शहाण्णव आणले होते. चौथीच्या गणिताने ते बरोबर होते. मी ओंजळ चादरीवर रिकामी केली. चाचीने मोजले. मग त्या माणसाने मोजले.

"चार पैसे कमी हायत," तो म्हणाला. "रुपया शंभराचा असते."

"आन्याचे सहाच देतेत ना बाजारात?" चाची म्हणाली.

"आन्याचे सहा. रुपयाचे शंभर."

"मग मधले चार कुठी गेले?"

"सरकारले इच्यारा."

सरकार तिथे नव्हते. मी उभी राहिले. माझ्या मागे मालक बैलांना पाणी दाखवत होते, त्यांच्याकडे मी आजवर कधी पैसे मागितले नव्हते. गेले, आणि चार पैसे मागितले, नेहमीच्या आवाजात. त्यांनी कशाला असे विचारले नाही. बंडीच्या दांडीला टांगलेल्या पिशवीतून काढून दिले.

मी ते चादरीवर एकेक करून ठेवले. चाचीने सगळे गोळा केले, आपल्या गाठीतले त्यात मिसळले आणि त्या माणसासमोर ढीग लोटला. त्याने पुन्हा मोजले, बोटाला थुंकी लावून, नाणी असूनही. मग उठला, पागोटे नीट केले आणि पलीकडच्या दुकानाकडे गेला.

"झाले ना?" मी विचारले.

"पूरे झाले, बहू," चाची म्हणाली. "एक पैसा बाकी नाई."